सात वाजताचा भोंगा

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. जळगावातील किंवा धुळ्यातील एखादे घर. दिवेलागणीची वेळ. उद्या बीजगणिताची चाचणी आहे. एक सूत्र पडताळून पाहावे म्हणून तुम्ही आईचा मोबाइल हातात घेता. सूत्र दोन मिनिटांत सापडते. पण खाली एक गमतीदार चित्रफीत दिसते. मग दुसरी, मग तिसरी. आई जेवायला हाका मारते, ताटातले भरीत निवून जाते. घड्याळाकडे पाहता तो पाऊण तास उलटलेला! एवढ्या वेळात जे पाहिले, त्यातले चार प्रसंग तरी आठवतात का? बहुधा नाही. मग आपल्याला इतका वेळ धरून ठेवले कोणी?

‘हल्लीच्या मुलांना शिस्तच नाही,’ असे उत्तर मोठी माणसे देतात. पण मोठी माणसेही त्याच पडद्यात गुंतलेली असतात! तेव्हा हे उत्तर अपुरे आहे. आपण विज्ञानाला विचारून पाहू.

नेम नसलेला दाणा

बी. एफ. स्किनर हे अमेरिकेतील नामवंत मानसशास्त्रज्ञ. त्यांनी कबुतरांवर पुष्कळ प्रयोग केले. पेटीतल्या चकतीवर चोच मारली की कबुतराला दाणा मिळे. ठरावीक चोचींनंतर दाणा मिळत असेल, तर तो खाल्ल्यावर कबुतर थोडा विसावा घेई. पण दाणा कितव्या चोचीला मिळेल याचा नेम नसला, की ते जवळजवळ न थांबता चोची मारत राही. दाणे देणे बंद केल्यावरही त्याची ही धडपड बराच वेळ चाले. चार्ल्स फर्स्टर आणि स्किनर यांनी या प्रयोगांचा मोठा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध केला.

आता मोबाइलकडे पाहा. पुढची चित्रफीत कंटाळवाणी असेल की मजेदार, हे ठाऊक नसते. म्हणूनच अंगठा थांबत नाही. चकतीच्या जागी काच आली, इतकेच.

स्वित्झर्लंडमधील वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतील डोपामीन या रसायनाशी संबंधित पेशींचा अभ्यास केला. माकडाला अनपेक्षितपणे फळांचा रस मिळाला, की या पेशी जोरात कार्य करीत. पुढे रसाआधी दिव्याची खूण मिळू लागली, तेव्हा त्या रसाला नव्हे, तर खुणेलाच प्रतिसाद देऊ लागल्या. मोबाइलची ‘टिंग’ ऐकताच आपण हातातले काम सोडून का वळतो, हे समजायला या प्रयोगाची मदत होते. अर्थात एका रसायनात सवयीचे सगळे रहस्य दडलेले नाही, हेही ध्यानात असू द्या.

आणखी एक गोष्ट. पुस्तकाचा धडा संपतो, सिनेमाही संपतो. संपले की मन विचारते, ‘आता उठायचे का?’ पण मोबाइलचे पान संपतच नाही. हे न संपणारे पान २००६ साली तयार करणारे एझा रास्किन यांनी पुढे त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला.

एका गावाने काय केले?

सवय एकट्याची असली, तरी ती मोडायला सोबत लागते. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने हे ओळखले. कोरोनाच्या काळात शाळा मोबाइलवर आली होती. शाळा पुन्हा भरू लागल्या, तरी मुलांच्या हातातला मोबाइल सुटेना. सरपंच विजय मोहिते यांनी हा विषय गावापुढे मांडला. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, ऑगस्ट २०२२ मध्ये, गावाने एक प्रयोग सुरू केला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजे. तो वाजला, की घराघरांतील दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद होत. मुले अभ्यासाला बसत, मोठी माणसे बोलत किंवा वाचत. साडेआठला पुन्हा भोंगा वाजे आणि बंदी उठे. आरंभी काहींनी या कल्पनेची थट्टा केली. पण आशा व अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले, लोकांना समजावले. या गावाची वार्ता देशभर पोचली.

यातील विज्ञान असे : न संपणाऱ्या पानाला भोंग्याने शेवट दिला. शिवाय आईवडिलांचाही मोबाइल बंद, शेजारच्या मित्राचाही बंद. मग ‘मीच का?’ हा प्रश्न उरत नाही, आणि आपले काही चुकते आहे अशी हुरहुरही वाटत नाही.

आपला भोंगा आपण

तुमच्या गावात भोंगा नसेल, तर घड्याळाचा गजर आहेच. घरातल्या सर्वांनी मिळून वेळ ठरवा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. उठून जावे लागले, की मनाला विचार करायला क्षणभर अवधी मिळतो. ‘टिंग’ करणाऱ्या सूचना बंद करा; खूण नाही, तर ओढही कमी. मोबाइल उचलण्याआधी काम कागदावर लिहा आणि ते झाले की खाली ठेवा. झोपताना तो उशाशी नको. पडद्याच्या निळसर प्रकाशाने मेलाटोनिन हे झोपेशी निगडित संप्रेरक काहीसे घटते. त्याहून मोठे नुकसान म्हणजे ‘एकच आणखी’ म्हणता म्हणता झोपेची वेळ टळते.

आणि एखादा दिवस चुकला तर? खचू नका. लंडनमधील संशोधकांनी ९६ जणांच्या नव्या सवयींची पाहणी करून २०१० साली निष्कर्ष मांडले. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागत. कोणाला १८ पुरत, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नसे.

यंत्र आपले चाकर

मोबाइल हा शत्रू नव्हे. त्यात ध्वनी, प्रकाश, वेग मोजणारी सूक्ष्म साधने आहेत. जर्मनीतील आखेन येथील विद्यापीठाने ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप केले आहे. त्यात आवाजाने सुरू आणि बंद होणारे घड्याळ आहे. शिक्षकांच्या मदतीने हा प्रयोग करा.

शाळेच्या मैदानात दोन मोबाइल एकमेकांपासून १० मीटरवर ठेवा. पहिल्या मोबाइलजवळ टाळी वाजवा. दोन्ही घड्याळे सुरू होतील. थोड्या वेळाने दुसऱ्याजवळ टाळी वाजवा, दोन्ही थांबतील. दोन्ही वेळांतला फरक म्हणजे आवाजाला २० मीटर जायला लागलेला वेळ. २० ला या फरकाने भागा, की आवाजाचा वेग मिळेल.

आता खानदेशची गंमत पाहा. धुळ्यात हिवाळ्याच्या पहाटे पारा १० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. तेव्हा आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३३७ मीटर भरेल. जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. तेव्हा तोच वेग सुमारे ३५८ मीटर होईल! आपला उन्हाळा आवाजालाही पळवतो. वहीत तापमान आणि वेग यांचा तक्ता करा. एक नोंद डिसेंबरात घ्या, दुसरी मे महिन्यात. आणि प्रयोग संपला की मोबाइल खिशात टाका, वही मात्र उघडी ठेवा.