परमुलखातला आपला वकील

'वकील' हा शब्द मूळचा अरबी. आपले काम ज्याच्या हाती सोपवले, तो वकील. कोर्टाचा काळा कोट त्याच्या अंगावर फार उशिरा चढला. पेशवाईत पुण्याचे वकील दिल्लीला आणि हैदराबादला राहत, ते खटले लढवायला नव्हे. परक्या दरबारात ते आपल्या धन्याचे डोळे आणि कान असत. विदेशात घर घ्यायचे झाले की या शब्दाचा तो जुना अर्थ पुन्हा जिवंत होतो.

आमच्या राजूरसारख्या कोळशाच्या आणि चुन्याच्या गावात ही चर्चा कशाला, असे कोणी विचारील. पण आता घरटी नाही तरी गल्लीगणिक एखादा मुलगा बाहेर आहे. कोणी दुबईत, कोणी लंडनला. तिकडून फोन येतो, "अब्बा, फ्लॅट बघितलाय, थोडे पैसे कमी पडतात." आणि खाणीत तीस वर्षे घालवलेला बाप आपल्या फंडाकडे बघू लागतो. तेव्हा हा प्रश्न आपल्याही ओसरीवरचा आहे.

आपल्या सगळ्यांना ठाऊक असलेल्या एका घरापासून सुरुवात करू. लंडनमधले १०, किंग हेन्रीज रोड. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना येथे राहिले. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये हे घर सुमारे ३१ लाख पौंडांना विकत घेतले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मालकीबद्दल वाद नव्हता. वाद उठला तो वापरावरून. ते राहते घर होते, आणि तिथे झाले स्मारक-संग्रहालय. शेजाऱ्यांनी तक्रार केली. स्थानिक कॅम्डन कौन्सिलने २०१८ मध्ये वापरबदलाला परवानगी नाकारली. अपील झाले, २०१९ मध्ये सार्वजनिक सुनावणी झाली, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश मंत्र्यांच्या निर्णयाने परवानगी मिळाली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. खरेदीनंतर साडेचार वर्षांनी!

शेतात ले-आउट पाडायचा तर 'एन.ए.' झाले का, हे आपल्याकडे पानठेल्यावरचा माणूसही विचारतो. तोच प्रश्न परदेशात विचारायचे आपल्याला सुचत नाही. तो विचारणे हे तिथल्या वकिलाचे काम आहे. पण घर कशासाठी घेतोय, राहायला, भाड्याने द्यायला की दुकान थाटायला, हे आधी आपण त्याला सांगायला हवे. न सांगितलेले त्याला कसे कळणार?

बाबासाहेब १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. पण इंग्लंडमध्ये घर घ्यायला बॅरिस्टर लागत नाही. तो कोर्टात बाजू मांडतो. खरेदीचे काम सॉलिसिटरचे, किंवा परवानाधारक कन्व्हेयन्सरचे. तिथला मूळ नियम असा, की विकणाऱ्याने फसवू नये हे खरे, पण मालातला दोष शोधण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. म्हणून सॉलिसिटर आधी सरकारी भूमिनोंदणी पाहतो. मालक कोण, कर्जाचा बोजा कोणाचा, वाटेचा हक्क कोणाला, हे त्यात कळते. मग कौन्सिलकडून नियोजनाची, रस्त्यांची माहिती काढतो, सांडपाण्याची व्यवस्था तपासतो. लंडनचा फ्लॅट बहुधा 'लीजहोल्ड' असतो, म्हणजे ठरावीक वर्षांचा पट्टा. पट्ट्याची किती वर्षे उरली, हे न बघता घेतलेला फ्लॅट म्हणजे अर्धी जळालेली मेणबत्ती पूर्ण भावात घेणे.

तिथे नुसता तोंडी होकार, अगदी लेखी 'ऑफर'सुद्धा, कोणाला बांधत नाही. दोन्ही बाजूंच्या सह्यांच्या कराराची अदलाबदल झाली, की मात्र दोघे अडकले. साधारणपणे दहा टक्के रक्कम तेव्हा भरावी लागते आणि नंतर आपण मागे फिरलो तर ती बुडू शकते. आपल्या इसारासारखेच हे. फरक एवढाच, की आपल्याकडे इसार आधी आणि चौकशी मागून, अशी घाई फार. तिथला चांगला वकील चौकशी संपल्याशिवाय तुम्हाला त्या उंबरठ्यावर उभेच करत नाही.

एक गोष्ट आपल्या लोकांना झोंबते. हा वकील आपल्यालाच विचारतो, पैसा कुठून आला? पासबुक दाखवा, जमीन विकली असेल तर खरेदीखताची नक्कल द्या. त्यात अपमान नाही. काळा पैसा रोखण्याच्या कायद्याने त्याला हे विचारणे भाग आहे. न विचारणाऱ्या वकिलापासून जरा दूरच राहावे.

युरोपात, आणि मराठी घराणी पिढ्यान् पिढ्या नांदत आलेल्या मॉरिशसमध्ये, आणखी एक गंमत आहे. तिथे 'नोटरी' भेटतो. आपल्याकडे नोटरी म्हणजे तहसीलबाहेर टेबल मांडून शिक्का मारणारा. फ्रान्स, स्पेन, मॉरिशसचा नोटरी मोठा अधिकारी. त्याच्यापुढे दस्त झाल्याशिवाय व्यवहार पक्का होत नाही. पण तो तटस्थ असतो, ना तुमचा ना त्यांचा. सौदा तुमच्या फायद्याचा आहे का, हे बघण्यासाठी आपला वकील वेगळाच करावा लागतो. ही पद्धत फार लांबची नाही. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याचा वारसा अजून चालतो. तिथे नवऱ्याच्या नावावरचे घर बायकोच्या संमतीशिवाय विकता येत नाही. नागपूरहून गेलेला ग्राहक एकाच सहीवर खूश होतो आणि गोव्याचा वकील कपाळाला हात लावतो.

दुबईत परदेशी माणसाला ठरावीक भागांत पूर्ण मालकीचे घर घेण्याची वाट २००२ मध्ये खुली झाली, आणि २००६ च्या कायद्याने तिला आधार मिळाला. तिथे वकील सक्तीचा नाही, म्हणून बरेच जण तो करतच नाहीत. हॉटेलातल्या प्रदर्शनात नकाशा आवडतो, एजंट गोड बोलतो, बिल्डरचा वकील कागद समजावतो. तो बिल्डरचा वकील आहे, तुमचा नव्हे. बांधकाम चालू असलेल्या इमारतीचे पैसे बिल्डरच्या खिशात न जाता 'एस्क्रो' खात्यात जावेत, असा कायदा २००७ मध्ये झाला. प्रकल्पाची नोंद आहे का आणि आपला धनादेश त्याच खात्याच्या नावाने आहे का, एवढी दोन उत्तरे वकिलाकडून घेतली तरी त्याची फी वसूल झाली. कराराचा इंग्रजी मजकूर आपण वाचतो, पण वाद झाला तर तिथल्या न्यायालयात अरबी मजकूर चालतो. आमच्या घरांत अरबी वाचता येणारे असतात, पण कुराणशरीफ वाचणे वेगळे आणि करारातली कलमे समजणे वेगळे. वारसाचा प्रश्नही तेव्हाच विचारून घ्यावा. माणसाच्या पश्चात घर कोणाकडे जाईल, हे तिथला कायदा सांगेल की इथला?

एक वकील किंवा सी.ए. आपल्या गावाकडचाही लागतो. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत भारतात राहणाऱ्याला आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, तीही बँकेमार्फत. हवाल्याने पाठवलेला पैसा घराचा पायाच पोखरतो. घर झाल्यावर ते आपल्या आयकर विवरणपत्रात दाखवावे लागते. २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात ते लपवण्याला दहा लाख रुपये दंड आहे. मुलाने परदेशात राहत असताना, तिथल्या कमाईतून घेतलेले घर तो भारतात परतल्यावरही ठेवू शकतो. मात्र परतल्यावर विवरणपत्राचा नियम त्यालाही लागू होतो.

स्वतः जाणे जमत नसेल तर मुखत्यारपत्र करावे लागते. इंग्लंडसाठी त्यावर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा 'अपॉस्टिल' शिक्का लागतो. मुखत्यारपत्र त्या एका घरापुरते आणि ठरावीक मुदतीचे असावे. वकिलाचे नाव तिथल्या अधिकृत यादीत आहे का, हे इंटरनेटवर फुकट बघता येते. आणि पैसे भरायच्या दिवशी, 'आमचा खाते क्रमांक बदलला आहे' असा ई-मेल आला, तर वकिलाच्या जुन्या, माहितीतल्या नंबरावर फोन करून विचारावे. त्या मेलमध्ये दिलेल्या नंबरावर नव्हे.