एका मिलिमीटरचे अकराशे टँकर

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगडचा डोंगरी किल्ला आहे, गोंड अमदानीतला. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. महादेवाला जाणारे आणि दर्ग्यावर माथा टेकणारे एकाच वाटेने चालतात. किल्ल्याचा दगड पाहून माणूस थक्क होतो. पण आकड्यांनी चक्रावून जायचं असेल, तर त्याच तालुक्यातल्या नवेगावबांधला जावं.

तिथला तलाव सुमारे 11 चौरस किलोमीटर पसरलेला. तो अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं सांगतात. डोंगरांमधल्या खिंडी पाळी घालून बुजवल्या, बाकीची भिंत डोंगरांनीच पुरवली.

आता हिशेब करू. या तलावाची पातळी एका मिलिमीटरने वाढली, तर 1 कोटी 10 लाख लिटर पाणी जमा होतं. म्हणजे दहा हजार लिटरचे 1,100 टँकर. एक मीटरचा थर धरला तर 1,100 कोटी लिटर. 2011 च्या जनगणनेत गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या 13,22,507 होती. माणशी रोज 55 लिटर दिले, तरी तेवढं पाणी अख्ख्या जिल्ह्याला पाच महिने पुरेल.

हे सगळं टोपलीने उभं राहिलं. समजा, पाळ फक्त 100 मीटर लांब, 5 मीटर उंच आणि सरासरी 10 मीटर रुंद आहे. तिला 5,000 घनमीटर माती लागेल. घनमीटरला 1,600 किलो आणि टोपलीला 20 किलो धरले, तर झाल्या चार लाख टोपल्या. चाळीस माणसांनी रोज प्रत्येकी शंभर खेपा घातल्या, तर शंभर दिवसांचं काम. आणि ही झाली एकच छोटी पाळ!

तलाव काही एक-दोन नव्हते. गोंदिया 1999 पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होता. इंग्रजी काळातल्या नोंदीत त्या जुन्या जिल्ह्याचे तलाव 3,648 भरतात. रोज एक पाहायचा ठरवला, तर दहा वर्षं लागतील.

हे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या गावमालकांच्या ताब्यात होते. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले. लोक मात्र त्यांना अजून मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावच म्हणतात. धानाच्या बांध्यांना त्यांचं पाणी आजही लागतं, आणि गाळही साचतच असतो. 11 चौरस किलोमीटरवर एक सेंटिमीटर गाळ बसला, की 11 कोटी लिटरची जागा गेली. तो उपसायचा तर त्याच मापाच्या 88 लाख टोपल्या. किल्ल्याचा बुरूज ढासळला तरी पायथ्याच्या शेतीचं काही अडत नाही. तलाव गाळाने भरला, तर रोवणी अडते. डागडुजीच्या पैशात पहिला वाटा कुणाचा, हे या आकड्यांवरूनच ठरावं.