मोजणीत हरवलेले अक्षर

कामरगाव परिसरातला शेतकरी सोयाबीन किंवा तूर विकायला नेतो, तेव्हा गाडी आधी काट्यावर चढते. इलेक्ट्रॉनिक काट्याचा दर्शक अनेक ठिकाणी केबलने संगणकाला जोडलेला असतो. वजनाचे अंक एकामागून एक सीरियल पोर्टमधून आत येतात आणि पावतीवर छापले जातात. काटा अचूक आहे, केबलही धड आहे, तरीही एखादा अंक आत अडकून राहू शकतो. हे कसे घडते, ते पाहू.

सेकंदाला ९६०० बिट हा या पोर्टचा एक नेहमीचा वेग. एका अक्षराचे आठ बिट आणि आरंभ व शेवट दाखवणारे दोन, असे दहा बिट धरले तर सेकंदाला ९६० अक्षरे येतात. म्हणजे साधारण दर मिलिसेकंदाला एक. अक्षर आले की पोर्टची चिप प्रोसेसरला इशारा देते. याला इंटरप्ट म्हणतात. प्रोसेसर हातातले काम अर्धवट ठेवतो, ते अक्षर बफर नावाच्या साठ्यात टाकतो आणि पुन्हा मूळ कामाकडे वळतो. पावती छापणारी आज्ञावली सवडीने या साठ्यातून अक्षरे काढते. साठ्यात किती अक्षरे आहेत, हे एका आकड्यात नोंदलेले असते. ही सारी व्यवस्था पाहणाऱ्या आज्ञावलीला डिव्हाइस ड्रायव्हर म्हणतात.

वर्गात हे करून दाखवता येईल. फळ्यावर ५ लिहा. एक विद्यार्थी 'काढणारा', दुसरा 'टाकणारा'. काढणारा फळ्यावरचे ५ वाचतो आणि मनात एक वजा करतो. तो ४ लिहिणार, इतक्यात टाकणारा येतो, ५ वाचून ६ लिहितो आणि जातो. आता काढणारा ठरल्याप्रमाणे ४ लिहितो. एक अक्षर आले, एक गेले. फळ्यावर ५ हवे होते, पण आहेत ४! दोघांचेही गणित बरोबर आहे, चूक आहे ती वेळेत. संगणकशास्त्रात हिला रेस कंडिशन म्हणतात.

परिणाम काय? साठ्यात कायम एक अक्षर नोंदीपेक्षा जास्त राहते. १२४८० किलोतले शेवटचे शून्य मागे राहते. आले तेवढेच अंक खरे मानणारी आज्ञावली १२४८ छापते. पुढच्या गाडीच्या वजनाआधी ते शून्य बाहेर पडते आणि तिचा शेवटचा अंक अडकतो. म्हणूनच पाठवलेल्या वजनाला शेवटाची खूण जोडतात आणि अपुरा संदेश नाकारतात. मात्र मूळ दोष ड्रायव्हरमध्येच दुरुस्त करावा लागतो. तो सापडणे कठीण, कारण वाचणे आणि लिहिणे यांतला काळ अतिशय लहान असतो. हजार वेळा तपासले तरी नेमका त्या क्षणी इंटरप्ट येईलच असे नाही.

एकच प्रोसेसर असेल तर उपाय सोपा आहे: आकडा बदलेपर्यंत इंटरप्ट थोपवायचे. पण फार वेळ नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीतील ८२५० ही चिप एकच आलेले अक्षर धरून ठेवू शके. ते उचलण्यापूर्वी पुढचे पूर्ण आले तर पहिले नष्ट होई. पुढे आलेल्या १६५५०ए चिपमध्ये १६ अक्षरांची जागा मिळाली.

दोन प्रोसेसर असले की हा उपाय अपुरा पडतो. एकाने आपले इंटरप्ट थोपवले, तरी दुसरा तोच आकडा बदलू शकतो. १९९६ मध्ये लिनक्सच्या २.० आवृत्तीत अनेक प्रोसेसरची सोय आली आणि पुढे ड्रायव्हर लिहिणाऱ्यांपुढे हा प्रश्न उभा राहिला. येथे कुलूप लागते. एकेरी रेल्वेमार्गावर ज्या चालकाच्या हाती गोळा, त्याचीच गाडी पुढे जाई. तसेच ज्याच्याकडे कुलूप, त्यानेच आकड्याला हात लावायचा.

यातही एक सापळा आहे. काढणाऱ्याने कुलूप घेतले आणि त्याच प्रोसेसरवर इंटरप्ट आला, तर टाकणारा कुलूप सुटण्याची वाट पाहत बसेल. काढणारा तर त्याच्यामुळेच थांबलेला! कोणीच पुढे सरकणार नाही. म्हणून आधी आपल्या प्रोसेसरवरचे इंटरप्ट थोपवायचे, मग कुलूप घ्यायचे, आणि काम होताच दोन्ही सोडायचे.

विद्यार्थ्यांना एक प्रश्न द्या: दोघांनीही ५ वाचले आणि टाकणाऱ्याने शेवटी लिहिले, तर फळ्यावर काय उरेल, आणि पावतीचे काय होईल?