भिंगाला प्राणवायू सोसत नाही

प्राणवायू जितका जास्त तितका बरा, अशी आपली ठाम समजूत. डोळ्यातल्या भिंगाचं गणित मात्र उलटं आहे. त्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि गाभ्यातल्या पेशींनी पारदर्शक राहण्यासाठी आपलं केंद्रकसुद्धा टाकून दिलेलं असतं. त्यामुळे तिथली क्रिस्टॅलिन प्रथिनं जन्माआधी तयार झालेली, तीच म्हातारपणापर्यंत पुरवायची. बिघडली तर बदली नाही.

प्राणवायूपासून हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे उपद्रवी रेणू बनतात. ग्लुटाथायोन हे भिंगातलं संरक्षक रसायन त्यांना निकामी करतं, पण वय वाढतं तसं ते गाभ्यापर्यंत पुरेसं पोचत नाही. मग प्रथिनांतले गंधकाचे अणू एकमेकांना जखडतात, गुठळ्या होतात, प्रकाश विखुरतो. हाच गाभ्याचा मोतीबिंदू.

स्वीडनमधला १९८४चा अभ्यास बोलका आहे. जास्त दाबाखाली प्राणवायूचे उपचार दीर्घकाळ घेणाऱ्यांपैकी १५ जणांची भिंगं आधी स्वच्छ होती. त्यातल्या ७ जणांना मोतीबिंदू झाला.

एरवी भिंगामागची जेली पहारा देते. तिच्यातलं क जीवनसत्त्व दृष्टिपटलाकडून येणारा प्राणवायू वाटेतच संपवतं. दृष्टिपटलाच्या शस्त्रक्रियेत बऱ्याचदा ही जेली काढावी लागते आणि पन्नाशीपुढच्या बहुतेकांना दोनेक वर्षांत मोतीबिंदू होतो.

अशी शस्त्रक्रिया झाली असेल आणि वाचायचा चष्मा अचानक नकोसा वाटू लागला, तर खूश होऊ नका; ती गाभ्याच्या मोतीबिंदूची सुरुवात असू शकते. डोळे तपासून घ्या.