परदेशातील वैद्यकीय आंतरवासिता : जाण्यापूर्वीचा विचार

सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. तेथे त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली, युद्धातील जखमींची अहोरात्र सेवा केली आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, तेथेच देह ठेवला. रुग्णाची भाषा जाणल्याखेरीज त्याची सेवा होत नाही, हा त्यांच्या जीवनाचा धडा परदेशी वैद्यकीय शिक्षणास निघालेल्या आजच्या विद्यार्थ्यांनीही ध्यानी घ्यावा.

पदवी अभ्यासक्रमानंतर रुग्णालयात प्रत्यक्ष काम करून घ्यावयाच्या प्रशिक्षणास आंतरवासिता म्हणतात. ती परदेशात पूर्ण केली की मायदेशी व्यवसाय सुरू करता येतो, असा अनेक पालकांचा समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या १८ नोव्हेंबर २०२१ च्या विनियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा असला पाहिजे. त्यानंतरची १२ महिन्यांची आंतरवासिता त्याच परदेशी संस्थेत व्हावी लागते. शिवाय ती पदवी त्या देशात व्यवसायाचा परवाना मिळण्यास पात्र ठरणारी हवी. भारतात परतल्यावर पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन आणखी १२ महिन्यांची आंतरवासिता पूर्ण करणे आवश्यक आहे. म्हणजेच घरचा खर्च आणि कालावधी यांचा हिशेब पदवीपाशी थांबत नाही.

प्रत्यक्ष अनुभवाला पर्याय नाही, हे अलीकडच्या संकटांनी दाखवून दिले. महामारी व युक्रेनमधील युद्ध यांमुळे अखेरच्या वर्षी मायदेशी परतून ज्यांनी ३० जून २०२२ पर्यंत पदवी मिळवली, त्यांना आयोगाने एकाऐवजी दोन वर्षांची आंतरवासिता घालून दिली. रुग्णाच्या खाटेपाशी मिळणारे शिक्षण घरबसल्या मिळत नाही, हेच त्यामागील कारण होय.

म्हणून शेत गहाण ठेवण्यापूर्वी वा कर्ज काढण्यापूर्वी पालकांनी तीन गोष्टींची लेखी खातरजमा करावी : आंतरवासिता त्याच संस्थेत होईल काय, त्या देशाचा परवाना मिळू शकेल काय आणि रुग्णांशी बोलण्यापुरती तेथील भाषा शिकवली जाईल काय. मध्यस्थाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. आयोगाचे नियम स्वतः वाचावेत. गावातील शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ही माहिती प्रवेशापूर्वीच घरोघरी पोहोचविली, तर अनेक कुटुंबांची पुंजी आणि तरुणांची उमेदीची वर्षे वाचतील.