स्टीलच्या टाकीतून ओकच्या पिंपात

बुलढाणा घाटावर आहे, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून थोडा उंच. नाशिकची उंचीही जवळपास तेवढीच. आमच्या जिल्ह्यातल्या लोणारचे विवर ज्या बेसॉल्टमध्ये पडले, त्याच दख्खनी खडकाची काळी माती नाशिकच्या मळ्यांतही आहे. त्यामुळे महाराष्ट्रातल्या वाइनकडे मला परक्यांची चैन म्हणून पाहता येत नाही. कापूस-सोयाबीनसारखीच तीही शेतीतून येते, आणि ओकच्या पिंपात मुरलेली पांढरी वाइन हे त्या शेतीचे सर्वांत अवघड फळ आहे.

सुरुवात नारायणगावची. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी तिथे शॅटो इंडेज ही वाइनरी उभी केली, फ्रेंच जाणकारांचा सल्ला घेतला आणि ‘ओमर खय्याम’ ही फसफसती वाइन परदेशी पाठवली. महाराष्ट्राच्या मातीतून जगापुढे ठेवण्याजोगी वाइन होऊ शकते, हे त्या बाटलीने दाखवले. पुढचे मोठे पाऊल राजीव सामंतांचे. १९९७ मध्ये त्यांनी नाशिकजवळ सॉव्हिन्यॉन ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षजाती लावल्या, कॅलिफोर्नियाचे वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांना सोबत घेतले, आणि २००० साली त्यांच्या ‘सुला’ वाइनरीची पहिली वाइन आली.

त्या काळात कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियात नव्या ओकने माखलेल्या शार्डोने या पांढऱ्या वाइनची चलती होती. घोटाघोटाला व्हॅनिला आणि लोणी. नाशिकने ती वाट धरली नाही. पहिल्या वाइन थंड ठेवलेल्या स्टीलच्या टाक्यांत झाल्या, लाकडाचा स्पर्श न होता. माझ्या मते या सगळ्या काळातला तो सर्वांत शहाणा निर्णय होता, आणि त्याचे कारण आपल्या बागेतच सापडते.

आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, मग सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि जानेवारी ते मार्च काढणी. युरोपात द्राक्ष पिकते तेव्हा पुढे थंडी येत असते. आपले द्राक्ष उन्हाळ्याच्या तोंडावर पिकते. दर आठवड्याला ऊन चढते, ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, वाढतो आणि आम्लता झपाट्याने उतरते. म्हणून पांढऱ्या वाइनचे घड रात्री किंवा भल्या पहाटे उतरवतात. आम्लता हातची गेलेल्या रसावर ओक चढवला की वाइन जड आणि बोजड होते. लाकूड चांगल्या फळाला उठाव देते, पण फळातली उणीव त्याने भरून निघत नाही.

पिंपात घडते ते मात्र फार सुंदर असते. प्रमाण मानले जाणारे फ्रेंच पिंप २२५ लिटरचे, म्हणजे बरोबर ३०० बाटल्यांचे. त्याच्या फळ्या विस्तवावर शेकून वाकवतात; त्या शेकण्यातून भाजल्याचा, मसाल्याचा, व्हॅनिलाचा वास येतो. अमेरिकन ओकमध्ये खोबऱ्याची छटा अधिक. फळ्यांतून हवा अगदी हळूहळू आत झिरपते, थोडी वाइन उडून जाते, आणि ती तूट वेळोवेळी भरावी लागते. रस पिंपातच आंबवला तर लाकूड आणि फळ अधिक एकजीव होतात: यीस्ट व्हॅनिलाचा भडकपणा कमी करते, आणि तळाशी बसलेला तिचा गाळ लाकडाचा तुरटपणा काही प्रमाणात शोषून घेतो. हा गाळ अधूनमधून ढवळला की वाइनला साय आल्यासारखा गोलावा येतो. दुसरीकडे जिवाणू हिरव्या सफरचंदाची धार असलेल्या मॅलिक आम्लाचे लॅक्टिक आम्ल करतात. लॅक्टिक म्हणजे दह्यातले, सौम्य. लोण्याचा वासही याच टप्प्यावर येतो. थंड देशात ही क्रिया हवीशी असते. आपल्याकडे आम्लता आधीच कमी, म्हणून ती क्रिया अर्ध्यावर थांबवायची की होऊच द्यायची नाही, हे ठरवण्यात वाइन करणाऱ्याचा खरा कस लागतो.

या नजाकतीपर्यंत पोहोचण्याआधी धंद्याने मोठा हेलकावा खाल्ला. २००१ च्या राज्याच्या धोरणाने अबकारी सवलती दिल्या, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले, वाइनरींची संख्या भराभर वाढली. २००८ नंतरच्या मंदीत मागणी घसरली, माल पडून राहिला, आणि अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली उपटून खाण्याची द्राक्षे लावली. ती चूक त्यांची नव्हती. खाण्याचे द्राक्ष बाजारात जाते, उरले तर बेदाणा होतो. वाइनच्या द्राक्षाला वाइनरीखेरीज गिऱ्हाईक नाही.

तगून राहिलेल्यांनी मग लाकडाकडे धीराने पाहिले. अकलूजच्या ‘फ्रातेली’ वाइनरीत मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशी तीन घराणी एकत्र आली. तोस्कानाचे पिएरो मासी यांच्या देखरेखीखाली तिथे पिंपात आंबवलेली ‘विते’ शार्डोने झाली. सोलापूर जिल्ह्याच्या उन्हात शार्डोने सांभाळायची ही जिद्द मला मनापासून आवडते. सुलाने ‘द सोर्स’ मालिकेत शेनिन ब्लाँला ओक दिला, आणि मला वाटते आपला रस्ता तोच आहे. शेनिन ऊन सोसते आणि तरीही बरीच आम्लता टिकवून धरते. फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यात आणि दक्षिण आफ्रिकेत अनेक जण तिला जुन्या, वापरलेल्या पिंपांत ठेवतात. तीन-चार हंगाम झालेले पिंप वास फारसा देत नाही, हवा मात्र देत राहते. महाराष्ट्राच्या पांढऱ्या वाइनला एवढेच लाकूड पुरे.

२७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी द्यायचे ठरवले, तेव्हा राज्यभर वाद पेटला आणि निर्णय अमलात आला नाही. दारूने संसार मोडलेल्या बायांचा राग मी हलका मानणार नाही. पण त्या गदारोळात द्राक्षबागायतदार कुठेच दिसला नाही, याचे मला वाईट वाटले.

शेजारच्या जालना जिल्ह्यात कडवंची गावाने पाणलोटाच्या कामाच्या बळावर द्राक्षबागा उभ्या केल्या. आमच्या घाटावर, देऊळगाव राजा किंवा चिखलीकडे, कुणाला शेनिन लावायची इच्छा झाली तर त्याने आधी जानेवारी-फेब्रुवारीतल्या रात्रींचे तापमान दोन-तीन हंगाम नोंदवून ठेवावे आणि उन्हाळ्यातले पाणी मोजावे. वाइनरीशी भावाचा आणि उचलीचा करार लेखी झाल्याशिवाय एकही रोप आणू नये.