स्फिंक्स मांजर

पाळीव मांजराची एक केसहीन अभिजात. ईजिप्तमधील प्राचीन शिल्पावरून हिला नाव मिळाले असले, तरी त्या देशाशी हिचा काहीही संबंध नाही. १९६६ मध्ये कॅनडातील टोराँटो येथे साध्या मांजरीच्या पोटी एक केसहीन पिल्लू जन्मले. परंतु त्याचा वंश टिकला नाही. सध्याची अभिजात १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात व टोराँटोत पुन्हा आढळलेल्या केसहीन मांजरांपासून, डेव्हन रेक्स या आखूड कुरळ्या केसांच्या अभिजातीशी संकर करून, निपजविण्यात आली.

या मांजराला केस मुळीच नसतात असे नाही. ‘केआरटी ७१’ या जनुकातील उत्परिवर्तनामुळे केसाच्या मुळाभोवतीचे आतील आवरण सदोष बनते, हे २०१० मध्ये दाखवून देण्यात आले. त्यामुळे केस उगवतात. पण ते दुबळे असल्याने टिकत नाहीत. अंगावर फक्त मऊ लव राहते. हे लक्षण अप्रभावी असून माता व पिता या दोघांकडून आले, तरच प्रकट होते. रशियातील डॉन्स्कॉय या मांजराची केसहीनता मात्र प्रभावी आहे.

कातडी सुरकुतलेली, डोके पाचरीसारखे, कान मोठे व पोट गोलसर असते. वजन साधारणपणे ३ ते ५ किग्रॅ. भरते. हात लावल्यास अंग विलक्षण ऊबदार लागते. याचे कारण ज्वर नसून आवरणाचा अभाव हे होय. शरीराचे आतील तापमान इतर मांजरांइतकेच असते. उष्णता सतत बाहेर जात असल्याने आहार अधिक लागतो. स्वभाव माणसाळलेला व खेळकर असतो.

केस नाहीत म्हणून निगाही कमी, ही समजूत चुकीची आहे. त्वचेतील ग्रंथींतून स्रवणारे तेल केसांअभावी अंगावरच साचते. म्हणून साधारणपणे आठवड्यातून एकदा कोमट पाण्याने व सौम्य साबणाने आंघोळ घालून अंग लगेच कोरडे करावे लागते. कानांतील मळ व नखांच्या मुळाशी साचलेली घाणही पुसून काढावी लागते. कडक ऊन व थंडी ही दोन्ही बाधतात. म्हणून हे मांजर घरातच ठेवावे. अधिहर्षता (ॲलर्जी) असणाऱ्यांनी ते निर्धास्तपणे पाळावे, असे मात्र नाही. कारण तीस कारणीभूत असणारे प्रथिन मांजराच्या लाळेत व त्वचेच्या तेलातही असते.

हृदयाच्या भिंती जाड होण्याचा आनुवंशिक विकार या अभिजातीत बराच आढळतो. म्हणून पैदाशीच्या मांजरांच्या हृदयाची श्राव्यातीत ध्वनितरंगांनी वेळोवेळी तपासणी करतात. मिशा तुटक असतात किंवा नसतातच. मिशा हे मांजराचे स्पर्शेंद्रिय असल्याने त्यांच्याविना प्राणी अपंग ठरतो, असा आक्षेप घेतला जातो. या कारणावरून बर्लिन येथील प्रशासकीय न्यायालयाने २०१५ मध्ये अशा मांजरांच्या पैदाशीवरील बंदी कायम केली. नेदर्लंड्समध्ये तर पैदाशीपाठोपाठ १ जानेवारी २०२६ पासून नवी केसहीन मांजरे पाळण्यासही मनाई झाली. आधीची मांजरे त्यांच्या मरणापर्यंत ठेवण्याची तेथे मुभा आहे.